पायाखालचं सोपारा

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एक हात दांड्याला असू द्या, आणि बसायला जागा मिळाली असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. आज एका पेटीची गोष्ट सांगायची आहे.

पेटी दगडाची. गोल, डब्यासारखी. खाली भांडं, वर झाकण. झाकण काढलं की मधोमध तांब्याचा एक करंडा दिसतो, आणि त्याच्याभोवती कडं करून बसलेल्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा करंडा. चांदीच्या आत दगडाचा. दगडाच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या आत?

हिरे-माणकं वाटली ना? आत होते मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे. आणि सोबत सोन्याची फुलं.

म्हणजे ज्यांनी ही पेटी भरली, त्यांच्या हिशेबात सोनं हे सगळ्यात मौल्यवान नव्हतंच. सोनं हे मातीचं वेष्टण होतं.

ही पेटी मिळाली नालासोपाऱ्यात. हो, तेच नालासोपारा. विरारच्या आधीचं स्टेशन. आजचा भाग आहे या पेटीबद्दल, ती ज्या शहरात ठेवली गेली त्या शहराबद्दल, आणि ते शहर आज ज्या शहराच्या पायाखाली आहे त्याबद्दल. अधेमधे आपण थेट मेक्सिकोलाही जाऊन येणार आहोत. का, ते कळेलच.

नाव आधी, स्टेशन नंतर

नालासोपारा हे नाव दोन गावांचं मिळून झालंय. नाळे आणि सोपारा. यातलं सोपारा हे नाव किती जुनं आहे याचा अंदाज घेऊ.

संस्कृतमध्ये शूर्पारक. पालीत सुप्पारक. जुन्या लेण्यांमधल्या शिलालेखांत सोपारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. कुठे काय विकत मिळतं, कुठे काय खपतं, कुठे गलबत जपून न्यायचं, असा सगळा कामाचा मजकूर. त्यात भरूचनंतर खालच्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठा सांगताना नाव येतं सुप्पारा, आणि त्यापाठोपाठ कल्याण. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात सोपारा आहे. दहाव्या शतकात अरब लेखक मसूदी याच गावाचा उल्लेख करतो. श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात राजपुत्र विजय लंकेला पोचण्याआधी सुप्पारकाला उतरतो. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाला येतात.

यातलं काय इतिहास आणि काय कथा, हा वेगळा विषय. पण एवढं नक्की, की ग्रीक व्यापारी, अरब प्रवासी, सिंहली भिक्खू आणि महाभारतकार या सगळ्यांना हे एक गाव माहीत होतं.

मला सगळ्यात आवडतो तो नाशिकचा पुरावा. पांडवलेण्यांमधल्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने केलेल्या दानधर्माची यादी लेखात कोरलेली आहे. भरूच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे सोपारा, इथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. लोकांना नद्या ओलांडता याव्यात म्हणून फुकट होड्या ठेवल्या. त्या नद्यांच्या यादीत दमणची नदी आहे आणि डहाणूचीही. दहाणूका असं नाव कोरलंय चक्क! म्हणजे आपण आज पश्चिम रेल्वेच्या नकाशावर बघतो त्या पट्ट्याची अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही प्रवासी सुविधांची यादी आहे.

त्याच लेखात सोपाऱ्यातल्या रामतीर्थाचं नाव आहे. सोपाऱ्यात रामकुंड होतंच. राजे गेले, लिपी गेली, भाषा बदलली, पण लोकांनी कुंडाचं नाव धरून ठेवलं.

आणि सोपाऱ्याचा माणूस? तो आहे पूर्ण. ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात त्याची कथा येते. श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटी जन्मलेला, त्यामुळे घरात वाटणीच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही. तो स्वतःच्या डोक्याने व्यापार करतो, समुद्रावर जातो, पैसा मिळवतो, आणि शेवटी सगळं सोडून भिक्खू होतो. मग बुद्धाकडे परवानगी मागतो, की मला अपरांतात जाऊ द्या. अपरांत म्हणजे उत्तर कोकण, आपला भाग. बुद्ध त्याला विचारतात, की तिथले लोक फार तापट, शिव्या देतील, तेव्हा काय करशील? पूर्णाचं उत्तर असं, की मी म्हणेन माणसं चांगली आहेत, निदान हात तरी उगारत नाहीत. आणि मारलं तर? तर म्हणेन, चांगली आहेत, शस्त्र तरी चालवत नाहीत. ही प्रश्नोत्तरं अशीच वाढत जातात. आपल्याकडच्या लोकांचा ‘तापट’ हा लौकिक इतका जुना आहे, हे ऐकून मला हसू आलं होतं. पुढे या कथेत सोपाऱ्यात चंदनाचा विहार उभा राहतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात या पूर्णाच्या कथेचं चित्र आहे, जहाजासकट.

बुरुडराजाचा कोट

आता येऊ या १८८२ सालात.

तेव्हा इंग्रज सरकार प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर तयार करत होतं. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. या कामाचे प्रमुख होते जेम्स कॅम्पबेल. आणि जुन्या अवशेषांच्या कामात त्यांचा मोठा आधार होता पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा.

भगवानलाल हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात फारसं येत नाही, पण यायला हवं. जन्म १८३९, जुनागढ. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा मोठा शिलालेख आहे, तो या मुलाने लहानपणापासून पाहिलेला. तरुणपणीच जुनी ब्राह्मी लिपी वाचायला शिकला. मग मुंबईत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम केलं. शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी नेपाळपर्यंत पायपीट केली. इंग्रजी त्यांची भाषा नव्हती, लेख गुजरातीत लिहायचे आणि मग त्यांचं इंग्रजी भाषांतर व्हायचं. असं असूनही हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत ते गेले.

तर हे भगवानलाल सोपाऱ्यात आले. गावाजवळ मर्देस इथे मातीचा एक मोठा उंचवटा होता. गावकरी त्याला म्हणायचे ‘बुरुडराजाचा कोट’. बुरूड म्हणजे टोपल्या, सुपं विणणारा. आणि शूर्प म्हणजे काय? सूप! शूर्पारक नावातलं सूप लोकांच्या तोंडी बुरुडाच्या रूपाने शिल्लक राहिलं असेल का? खात्रीने नाही म्हणता येणार, पण मला हा योगायोग सोडवत नाही.

हा कोट नसून स्तूप आहे, हे भगवानलालांनी ओळखलं. एप्रिल १८८२ मध्ये खोदकाम सुरू झालं. कॅम्पबेल आणि ठाण्याचे कलेक्टर मुलक यांनाही त्यात रस होता. स्तूपाच्या मध्यावर विटांची एक छोटी कोठडी लागली, आणि त्या कोठडीत होती ती दगडी पेटी.

त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ त्यांना एक दगडाचा तुकडाही मिळाला. त्यावर ब्राह्मीत काही ओळी. तो निघाला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. आधीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहली काढायचे, मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेलो आणि आता माझ्या सहली धर्माच्या असतात, असा त्या लेखाचा आशय. पुढे १९५६ मध्ये भुईगावला समुद्रकिनाऱ्याजवळ दुसरा तुकडा मिळाला, तो नवव्या लेखाचा. त्याचा आशय असा, की लोक आजारपणात, लग्नात, बाळाच्या जन्माला, प्रवासाला निघताना कितीतरी विधी करतात, पण खरं मंगल म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं आणि मोठ्यांचा मान राखणं.

अशोकाचे असे मोठे लेख एकूण चौदा आहेत. राज्याच्या कडेकडेला, जिथे माणसांची वर्दळ आहे, तिथे ते कोरले जायचे. सोपाऱ्यात आतापर्यंत दोनच सापडलेत, तेही तुकड्यात. बाकीचे बारा कुठे आहेत? कोणाच्या पायरीत? कोणाच्या विहिरीच्या काठात? की अजून मातीत?

पेटी एकदा नाही, दोनदा बंद झाली

पेटीकडे परत येऊ. तिच्यात एक गंमत आहे.

अवशेषांसोबत चांदीचं एक नाणं मिळालं. गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं, त्यावर राजाचा चेहरा. म्हणजे साधारण दुसऱ्या शतकाच्या शेवटाचं. पण त्या आठ कांस्यमूर्ती? त्यांची घडण सांगते की त्या आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. नाणं आणि मूर्ती यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर!

मग दोन्ही एकत्र कसे? अभ्यासकांचा तर्क असा, की सातवाहन काळात मातीचे ते तुकडे स्तूपात ठेवले गेले. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत अशी श्रद्धा. सहाशे वर्षांनी कोणीतरी स्तूप उघडला. कदाचित पडझड झाली असेल, डागडुजी करायची असेल. त्यांनी आतलं जुनं काही काढून घेतलं नाही, फेकलं नाही. नाणंसुद्धा तिथेच ठेवलं. आणि आपल्याकडून त्यात भर घातली, आठ मूर्तींची.

त्या आठ कोण, हेही बघा. सहा आहेत गौतमाच्या आधी होऊन गेलेले बुद्ध. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप. सातवे गौतम बुद्ध. आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचाय. भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य, सगळे एका करंड्याभोवती बसवलेले. ज्यांनी हे केलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. पण आपल्या आधीच्या माणसांनी ठेवलेल्या वस्तूशी कसं वागायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

आता मेक्सिको

इथे मला मेक्सिको आठवतं. तुम्ही म्हणाल, कुठे नालासोपारा, कुठे मेक्सिको! पण तो देश आपल्या ताटात रोज असतो. मिरची तिकडची, टोमॅटो तिकडचा, आणि डहाणू-घोलवडचा आपला लाडका चिकूसुद्धा मूळचा त्याच मुलखातला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या येण्याजाण्यात ही मंडळी इकडे पोचली. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान जिंकली. त्यानंतर तेराच वर्षांनी, १५३४ मध्ये, वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. एकाच लाटेची ही दोन टोकं.

मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला अभ्यासक मेसोअमेरिका म्हणतात. यज्ञ सातकर्णीचं नाणं पाडलं जात होतं, साधारण त्याच सुमारास तिकडे टेओटिवाकान नावाचं प्रचंड शहर उभं राहत होतं, आखीव रस्ते आणि डोंगराएवढे पिरॅमिड असलेलं. ते शहर पुढे ओस पडलं. त्यानंतर कितीतरी शतकांनी अझ्टेक आले. त्यांनी ते अवशेष पाहिले आणि तिथून जुन्या वस्तू आणून स्वतःच्या मुख्य मंदिरात अर्पण केल्या. त्यांच्या मंदिराच्या पोटात दगडी पेट्या सापडल्यात, त्यांत शंख-शिंपले, हिरवे मणी, मूर्ती. आणि ओल्मेक लोकांचा एक दगडी मुखवटाही सापडलाय, जो अझ्टेकांच्याही दोन हजार वर्षं आधीचा. आपल्याच जमिनीतलं जुनं हातात घ्यायचं आणि मानाने पुन्हा ठेवायचं. सोपाऱ्यात जे झालं, तेच तिकडेही झालं. एकमेकांचं नावही माहीत नसताना.

मग स्पॅनिश आले. त्यांनी टेनोच्टिट्लानची मंदिरं पाडली, त्यांचे दगड चर्चला आणि वाड्यांना वापरले, आणि त्याच जागेवर मेक्सिको सिटी वसवली. जुनं शहर खाली, नवं शहर वर. नालासोपाऱ्यासारखंच.

२१ फेब्रुवारी १९७८. मेक्सिको सिटीत वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत होते. फावडं दगडाला लागलं. दगडावर कोरीवकाम दिसलं. काम थांबलं आणि पुरातत्त्व खात्याला निरोप गेला. तो दगड निघाला सव्वातीन मीटर व्यासाचा, कोयोल्शाउकी या चंद्रदेवतेचं शिल्प, वजन आठ टनांच्या आसपास. अझ्टेकांचं मुख्य मंदिर, टेम्प्लो मायोर, नेमकं कुठे आणि किती शिल्लक आहे, ते त्या खड्ड्यातून कळलं. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या हाताखाली १९८२ पर्यंत उत्खनन चाललं. त्यासाठी शहराच्या ऐन मध्यावरच्या तेरा इमारती पाडल्या. १९८७ मध्ये तिथेच संग्रहालय उघडलं.

आणखी एक. मेक्सिको सिटीच्या मेट्रोचं काम चालू असताना, १९६७ मध्ये, वाऱ्याच्या देवाचं, एहेकात्लचं, छोटं गोल मंदिर लागलं. त्यांनी ते हलवलं नाही. स्टेशन त्याच्याभोवती बांधलं. पिनो सुआरेस नावाचं ते स्टेशन आहे. आजही गाडी बदलणारे हजारो लोक रोज त्या मंदिराशेजारून चालत जातात. कल्पना करा, नालासोपारा स्टेशनच्या पुलावरून उतरताना बाजूला काच आणि काचेमागे दोन हजार वर्षांपूर्वीची विटांची विहीर!

मेक्सिकोत सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. तिथेही बांधकामांत खूप काही गेलंय. मला एवढंच सांगायचंय, की तिथे फावडं दगडाला लागल्यावर कोणीतरी थांबलं.

आणि इकडे

सोपाऱ्याचं बंदर मेलं ते कोणी जिंकल्यामुळे नाही. खाडी गाळाने भरत गेली, गलबतं मोठी होत गेली, आणि व्यापार ठाण्याला, चौलला, मग वसईला आणि शेवटी मुंबईला सरकला. बंदराचं गाव शेतीचं गाव झालं. जुनी भांडी, विटा, नाणी भातशेतीखाली निवांत पडून राहिली.

अभ्यासकांनी अधूनमधून डोकावून पाहिलं. १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याने स्तूपाच्या परिसरात उत्खनन केलं, मुख्य स्तूपाच्या दक्षिणेला दोन छोटे स्तूप मिळाले. १९९३ मध्ये पुन्हा उत्खनन झालं. त्यात मातीच्या कड्यांची विहीर, मोठ्या आकाराच्या विटा, रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे, काच, आणि निळ्या झिलईची मध्ययुगीन भांडी निघाली. म्हणजे मौर्यांपासून मुसलमानी काळापर्यंत थरावर थर. एका छोट्या खड्ड्यात एवढं.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २००९ मध्ये आपली वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. एवढ्या माणसांना घरं लागतात. प्रत्येक इमारतीला पाया लागतो. पायासाठी खणावं लागतं, गटारासाठी, पाइपलाइनसाठी खणावं लागतं. पुरातत्त्व खात्याने आजवर सोपाऱ्यात जेवढं खणलं, त्याच्या कित्येक पट आपल्या जेसीबींनी खणलंय. फरक एवढाच, की जेसीबी नोंदवही ठेवत नाही.

घरं बांधू नका असं मी म्हणत नाहीये. मीही विरारला इमारतीतच राहतो. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून आपल्यापैकी बहुतेकांची घरं इकडे आली. इतिहास की घर, असा प्रश्न विचारला तर कोणीही घरच म्हणेल, आणि बरोबरच आहे. पण प्रश्न तसा नाहीच. खणताना दोन दिवस थांबून बघायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कायदे आहेत. सोपाऱ्याचा स्तूप केंद्र सरकारच्या संरक्षणात आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. गंमत म्हणजे मेक्सिकोचा असाच मोठा कायदाही १९७२ चाच! आणि त्याहून जुना आपला १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत गाडलेल्या धनाचा. तो सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं, तर कलेक्टरला लेखी कळवा. दहा रुपये! आज तेवढ्यात वडापावसुद्धा नीट मिळत नाही.

म्हणजे कायद्यात आपण मेक्सिकोच्या फार मागे नाही. पण स्तूपाभोवतीचं वर्तुळ संपलं की पुढचं सगळं शहर मोकळं. आणि प्राचीन सोपारा काही स्तूपाभोवती तीनशे मीटरमध्ये मावत नव्हतं. अशोकाचा एक तुकडा भातेला तळ्याकाठी मिळाला आणि दुसरा पार भुईगावला, हे आपण आत्ताच पाहिलं.

तुमच्या हातात काय आहे

तुम्ही ऐकताय त्या फोनला कॅमेरा आहे. भगवानलालांकडे तो नव्हता. त्यांनी ठसे हाताने घेतले, नकाशे हाताने काढले.

तेव्हा हे लक्षात ठेवा. कुठे पाया खणताना, विहीर उपसताना, तळ्याचा गाळ काढताना जुनी मोठी वीट, कोरलेला दगड, नाणं, रंगीत झिलईचं खापर दिसलं, तर उचलून घरी नेऊ नका. घासूनपुसून धुऊ नका, कारण त्याला चिकटलेली मातीसुद्धा अभ्यासकांना काही सांगत असते. तिथेच असताना फोटो काढा. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. जागा आणि तारीख लिहून ठेवा. मग तहसील कार्यालयाला, पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, आणि जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. वस्तू जागेवरून हलली की ती निव्वळ जुनी वस्तू होते. जागेवर असते तोवर ती पुरावा असते. त्या यज्ञ सातकर्णीच्या नाण्याचंच बघा. तेच नाणं एखाद्या जुन्या बाजारात मिळालं असतं, तर आज संग्राहकाच्या कपाटात असतं. ते पेटीबरोबर मिळालं म्हणून स्तूपाचा काळ कळला.

आणि एखाद्या रविवारी खरंच बघून या. स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. आज तिथे विटांचा बसका गोल उंचवटा आहे, झाडं आहेत. बुद्धपौर्णिमेला तिथे लोक वंदनेला येतात, म्हणजे जागा मेलेली नाही. चक्रेश्वर तळ्याकाठच्या मंदिरात जुनी शिल्पं आहेत, त्यातली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती चुकवू नका. पेटी आणि मूर्ती सरकारने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिल्या, त्या फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांवरच्या इमारतीकडे. अशोकाचे दोन्ही तुकडे आहेत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. चर्चगेटला उतरून दोन्हीकडे चालत जाता येतं. म्हणजे आपण रोज ज्या गाडीने कामाला जातो, त्याच दिशेने आपलं सोपाराही गेलंय. फक्त ते संध्याकाळी परत येत नाही. ते परत यावं, निदान त्याच्या प्रतिकृती तरी इथल्या मुलांना इथेच बघायला मिळाव्यात, शहरात एक छोटं संग्रहालय असावं, असं मला मनापासून वाटतं. बारा लाखांच्या शहराला एवढं मागता येतं.

सोपाऱ्याचा स्तूप आतापर्यंत दोनदा उघडला गेला. पहिल्यांदा उघडणाऱ्यांनी आत मूर्ती ठेवल्या. दुसऱ्यांदा भगवानलालांनी एकेक वस्तू मोजून, लिहून ठेवली, म्हणून आज मी तुम्हाला ते तेरा तुकडे सांगू शकलो. आता आजूबाजूची जमीन रोज उघडतेय, आणि पाळी आपली आहे.

तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीत अशा काही जागा असतील, एखाद्या उंचवट्याचं, तळ्याचं विचित्र नाव असेल, तर आजीआजोबांना विचारा आणि मला नक्की कळवा. बुरुडराजाचा कोट हे नाव गावकऱ्यांनी जपलं नसतं, तर भगवानलालांना तो उंचवटा कोणी दाखवला असता?

चला, भेटू पुढच्या भागात. उतरताना सांभाळून!